रेवडीच्या छातीतला कापूस

कुत्रं जितक्या जोरात खोकायचं, तितकी गर्दी खूश व्हायची.

आमच्या गल्लीच्या टोकाला एक बंद पडलेला लूमचा, म्हणजे यंत्रमागाचा, गाळा आहे. मशिनं भंगारात गेली, पत्रे तेवढे उरले. त्या गाळ्यात दर रविवारी सकाळी फुंकरबाबा बसायचा आणि भिवंडीतली खोकणारी, शिंकणारी, धापा टाकणारी सगळी जनावरं तिथे जमायची. कुणी कडेवर, कुणी टोपलीत, कुणी ओढणीत गुंडाळलेलं. वारा नाही, उजेड नाही. एका पामेरियनच्या नाकातून हिरवट शेंबूड लोंबतोय, शेजारचं लॅब्रेडॉरचं पिल्लू तो आवडीनं चाटतंय, आणि दोघांचे मालक पार्किंगवर बोलतायत. कुत्र्यांचा खोकला एकाकडून दुसऱ्याला लागतो, हे तिथे कुणाच्या गावीही नव्हतं. खोकला घालवायला आलेली कुत्री नवा खोकला घेऊन घरी जायची, म्हणून पुढच्या रविवारी गर्दी आणखी वाढायची. मला आजही ते आठवलं की कोपरापर्यंत हात धुवावेसे वाटतात.

बाबा चौथऱ्यावर गादी टाकून, लोडाला टेकून बसायचा. भगवं नाही, माळा नाहीत, अंगाऱ्याची पुडी नाही. पांढरा सदरा आणि हनुवटीवर ओढलेला निळा मास्क. समोर घमेल्यात निखारे, त्यावर ऊद आणि कसला तरी झोंबणारा पाला. आणि तोंडाचा पट्टा सतत चालू.

"छाती क्या है? मशीन है. मशीनमध्ये काय अडकतं? कापूस. भिवंडीच्या हवेत काय उडतं? कापूस. मग डॉक्टर लोक गोळी कशाला देतात? गोळीनं कधी कापूस निघतो का? मी देव नाही, बाबांनो. मी फक्त रास्ता मोकळा करतो. ऑक्सिजनला व्हायब्रेशन देतो."

ऑक्सिजनला व्हायब्रेशन. मी नववीत आहे, माझ्या विज्ञानाच्या पुस्तकात ऑक्सिजन आहे आणि कंपनंही आहेत, पण त्या दोघांचं लग्न मी तिथेच पहिल्यांदा लागलेलं पाहिलं.

मग चमत्कार. बाबा बाह्या वर करून दोन्ही हात हळदीच्या पाण्यात बुडवायचा, रिकामे पंजे सगळ्यांना दाखवायचा. जनावराला घमेल्यापाशी धरून वर चादर टाकायचा. चादरीखाली धूर कोंडला की कुत्रं खोकून खोकून बेजार. मग चादर दूर, ओल्या पंच्यानं नाक पुसणं, तोंडावर एक लांबलचक फुंकर, आणि पंच्याखालून हळूहळू बाहेर येणारा पांढरा बोळा. सुपारीएवढा. गर्दी एका सुरात म्हणायची, "मोकळं!" बाबा तो बोळा क्षणभर उंच धरायचा आणि निखाऱ्यात टाकायचा, कारण म्हणे ज्याच्या हाताला तो लागेल त्याच्या छातीत शिरेल. मग जनावर मोठ्या उभ्या पंख्यासमोर. दोन-चार श्वास, आणि खोकला बंद.

माझ्या वर्गातल्या आल्हादनं त्याचं पिल्लू टोस्ट तिथे नेलं होतं. आठवड्याभरात टोस्ट ठणठणीत झालं आणि आल्हादनं वर्गात बाबाची जाहिरात सुरू केली. मी त्याला विचारलं की अरे, तू काल्हेरला राहतोस, तिथे सगळी गोडाऊनं, खोकी आणि ट्रक. लूमचा कापूस तुझ्या तेराव्या मजल्यावर कसा चढला? लिफ्टनं? तो म्हणाला, हवेनं आला असेल. बरं.

इथवर मला नुसतं हसू येत होतं. मग रेवडीवर आलं.

रेवडी आमची मांजर. पांढरी, अंगावर तिळाएवढे काळे ठिपके. गेले काही महिने ती मध्येच जमिनीला पोट टेकून बसायची, कोपर बाहेर काढायची, मान पुढे ताणायची आणि कोरडं खोकायची. बाहेर काहीच पडायचं नाही. आईला वाटायचं, केसांचा गोळा असेल. संध्याकाळी डासांची कॉइल लावली की खोकला वाढायचा, ते मी आईला दाखवलं, तेव्हा आईनं कॉइल बाहेर ठेवली. पण आता रेवडी झोपेतही भात्यासारखं पोट हलवत होती. मी म्हटलं, जनावरांच्या डॉक्टरकडे नेऊ. पप्पा म्हणाले, बाबाकडे.

हे पप्पांच्या तोंडून आलं, म्हणून मला जास्त लागलं. माझे पप्पा, सुगत, लूमवर जॉबर आहेत, म्हणजे बंद पडलेला माग चालू करून देणारा माणूस. आमच्या दाराला कधी लिंबू-मिरची बांधली गेली नाही. शेजारी कुणी हातात गंडा बांधून आलं की पप्पा विचारायचे, गॅरंटी किती वर्षांची? आणि हाच माणूस बाबाची बाजू घेत होता.

"हा देवाचं नावच घेत न्हाय, रिया. कापूस म्हणतो. कापूस खोटा हाय का? आयुष्य गेलं माझं लूमवर. शिफ्ट सुटली की नाक शिंकरतो, पांढरं येतं. तू मला शिकवतेस कापूस छातीत जातो का न्हाय ते?"

ते खरंच होतं. पप्पांच्या भुवया घरी येताना पांढऱ्याच असतात. मला आता कळतं की बाबाची खरी हुशारी तिथे होती. त्यानं भुताचं नाव काढलं असतं तर आम्ही त्याला हाकललं असतं. त्यानं आमच्या गावाची खरी गोष्ट उचलली, आमच्याच नाकातली, आणि तिच्या पोटात खोटं भरलं.

रविवारी पप्पांनी रेवडीला बॉबिनच्या, म्हणजे सुताच्या रिळांच्या, खोक्यात घातलं. मी बरोबर गेले, भांडत भांडतच गेले.

बाबाच्या हातांचा वास आधी आला: हळद, ऊद आणि आदल्या वीस-पंचवीस जनावरांच्या नाकाचा. पंचा तोच. पाणी तेच, आता शेवाळासारखं झालेलं. त्यानं रेवडीला मानेला धरून उचललं आणि चादरीत घातलं. मी कान देऊन ऐकत होते. आधी खोकला आला. मग खोकला थांबला. मग काहीच आवाज येईना, आणि ते खोकल्यापेक्षा वाईट होतं.

चादर निघाली तेव्हा रेवडीचं तोंड उघडं होतं. मांजर कुत्र्यासारखी जीभ काढून श्वास घेत नाही हो, ती तिची पद्धतच नाही. रेवडी घेत होती. हिरड्या जांभळट. बाबानं त्याच घाणेरड्या पंच्यानं तिचं नाक दाबून पुसलं, फुंकर मारली, बोळा काढला. "मोकळं!" पंख्यासमोर ठेवल्यावर ती हललीसुद्धा नाही. मागून कुणीतरी कौतुकानं म्हणालं, बघा कशी शांत झाली. ती शांत नव्हती. अंगात होता नव्हता तेवढा जोर पुढच्या श्वासासाठी लावत होती.

मी पुढे झाले आणि बोळा निखाऱ्यात पडायच्या आत बाबाच्या बोटांतून ओढून घेतला.

"सोड पोरी, छातीत शिरेल तुझ्या."

"शिरू दे," मी म्हटलं, आणि रेवडीला उचलून बाहेर पळाले.

पप्पा मागून ओरडत आले. गाळ्याबाहेर ऊन होतं. उन्हात त्यांना तिच्या जिभेचा रंग दिसला. त्यांनी लगेच स्कूटर काढली.

डॉ. रुचिरा यांचा जनावरांचा दवाखाना काल्हेरच्या रस्त्यावर आहे. त्यांनी आमची कहाणी ऐकायच्या आधी रेवडीला काचेच्या पेटीत ठेवून ऑक्सिजन सोडला. मी तिला हात लावायला गेले तर मला मागे केलं. आता कुरवाळायचं नाही, म्हणाल्या, घाबरली की तिला आणखी श्वास लागेल. एक इंजेक्शन दिलं आणि आम्ही सगळे त्या पेटीकडे बघत उभे राहिलो. पप्पांचे ओठ हलत होते. ते तिचे श्वास मोजत होते.

पोटाचा भाता हळूहळू मंद झाला. रेवडीनं तोंड मिटलं. तेव्हा कुठे डॉक्टरांनी आम्हाला प्रश्न विचारले, आणि किती विचारले! खोकताना कशी बसते, काही बाहेर पडतं का, घरात कोण सिगारेट ओढतं, कॉइल, उदबत्ती, तिचा शी-शूचा मातीचा डबा, सगळं. मग स्टेथोस्कोप लावला आणि माझ्याही कानाला दिला. श्वास सोडताना आत बारीक शिट्टी वाजत होती. आणखी सावरल्यावर छातीचा एक्स-रे काढला. फुप्फुसात पांढऱ्या बारीक कड्या आणि रेघा दिसत होत्या. ती श्वासनळ्यांची सुजलेली भिंत, त्या म्हणाल्या.

"दमा असावा, असं मला वाटतंय. पण आत्ता 'वाटतंय' एवढंच म्हणते. फुप्फुसातले जंत, न्यूमोनिया, हृदयाचा त्रास, हे तपासून बाजूला काढू, मग नक्की सांगेन."

बाबाला तिकडे एका फुंकरीत सगळं कळत होतं. इथे एवढी शिकलेली बाई म्हणत होती, तपासते. मला त्या क्षणी त्या इतक्या आवडल्या.

पप्पांनी खाली बघत विचारलं, "मॅडम, आणि कापूस?"

डॉक्टर हसल्या नाहीत. म्हणाल्या की तुमचं अर्धं बरोबर आहे. बारीक धूळ, कापसाची असो की कसलीही, दम्याच्या मांजरीला त्रास देतेच, तेव्हा ड्युटीचे कपडे बाहेर झटकून मग घरात या. पण ती धूळ छातीत साठून तिचा बोळा वळत नाही. "मांजराची श्वासनलिका पेन्सिलीपेक्षा बारीक असते. सुपारीएवढा बोळा तिथे असता, तर ती गाळ्यापर्यंत पोचलीच नसती."

मी मूठ उघडली. इतका वेळ मी ती घट्ट मिटूनच ठेवली होती. शी! चिकट, पिवळट. पण बोळा उकलला तर आतून कोरडा. छातीतून आलेली वस्तू आतून कोरडी? दाबला तर परत फुगून वर येत होता. लूमचा कापूस कसा असतो मला माहीत आहे, पप्पांच्या खिशातून रोज निघतो. मळकट, दाबला की दबलेलाच राहतो. हा आतून पांढराशुभ्र आणि चकचकीत.

शाळेत आम्ही धागे जाळून बघितले होते. सुती धागा कागदासारखा जळतो, त्याची राख होते. कृत्रिम धागा वितळतो, गोळी होऊन कडक होतो, प्लॅस्टिकचा वास येतो. मी डॉक्टरांकडे काडेपेटी मागितली. त्यांनी आधी मला दाराबाहेर, चांगलं लांब पिटाळलं, आत ऑक्सिजन चालू आहे म्हणाल्या. बाहेरच्या नळापाशी आम्ही चिमट्यात धरून बोळा पेटवला. आक्रसला, ठिबकला, काळी गोळी झाली. नाकातले केस जळतील असा वास.

पप्पांनी खिशातून लूमचा कापूस काढून तोही पेटवला. भुरूभुरू राख.

"पप्पा, हा कसला हो मग?"

"उशीत भरतात तसला फायबर," ते म्हणाले आणि पायरीवर बसले. मग म्हणाले, "मी स्वतः धरली होती तिला. चादरीत जाताना नखं मारत होती, तर मी पंजे धरले."

मी त्यांच्या शेजारी चिकटून बसले. कधी नव्हे ते.

बाकीचं गणित डॉक्टरांनी सोडवून दिलं. टोस्टला झाला होता तसला साधा संसर्गाचा खोकला धडधाकट कुत्र्यांत बऱ्याचदा आठवड्या-दोन आठवड्यांत आपोआप ओसरतो. त्या दिवसांत ज्यानं फुंकर मारली, त्याचं नाव होतं. आणि गाळ्यातला तो झटपट गुण? धूर कोंडून खोकवायचं, मग पंख्यासमोर ठेवायचं. आजार तोच लावायचा आणि तोच काढायचा. हा माणूस श्वास लागलेल्या जनावराला धूर देत होता, आणि आम्ही रांग लावून टाळ्या वाजवत होतो.

पुढच्या रविवारी आम्ही परत गेलो: मी, पप्पा, साध्या कपड्यांत डॉ. रुचिरा, आणि टोस्टला घेतलेला आल्हाद. आल्हाद अजून कुरकुरत होता की तू बाबाचा अपमान करणार. मी म्हटलं, मी फक्त रुमाल देणार.

टोस्टचा नंबर आला. बाबानं हात हळदीच्या पाण्यात बुडवून पंजे दाखवले. मी घडी केलेला स्वच्छ रुमाल पुढे केला आणि गाळाभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, "बाबा, आज पंच्याऐवजी माझ्या रुमालानं काढा. आणि आज चादर आणि धूरही नको."

"पंचा सिद्ध आहे, बेटी."

"कापूस कुत्र्याच्या छातीत आहे ना? पंच्यात तर नाही ना?"

मागे दोन-तीन जण हसले. बाबाही हसला, पण त्याचा हात पंच्याकडे गेला. पप्पांचा हात आधी पोचला. त्यांनी पंचा उचलून झटकला. एका कडेला दुमड शिवून खिसा केला होता. त्यातून ओले, पांढरे बोळे टपाटपा चौथऱ्यावर पडले, त्या दिवसाच्या सगळ्या रांगेला पुरतील एवढे. मी लोड उलटा केला. मागची शिवण उसवलेली, आत तोच चकचकीत फायबर. बाबा ज्याला टेकून बसायचा, तेच तो आमच्या जनावरांच्या छातीतून काढायचा.

मी ताटलीत एक बोळा जाळला, शेजारी लूमचा कापूस. एकाची गोळी, एकाची राख. लोक वाकून बघायला लागले. इतके रविवार तो वास उदात बुडून जायचा, आज ऊद लांब होता. माणसं नाक धरून मागे सरली.

बाबा आधी म्हणाला की ही पोरगी नास्तिक आहे. मग म्हणाला, ज्यांना गुण आला त्या सगळ्यांचा खोकला वापस येणार. मग आल्हादनं फोन वर धरलेला दिसला, तेव्हा कॅमेरा बंद कर म्हणाला. आल्हादनं नाही केला. डॉक्टरांनी आपली ओळख सांगितली आणि पोलिसांत तक्रार देणार म्हटलं, तेव्हा बाबानं चपला हातात घेतल्या आणि तो मागच्या शटरखालून वाकून निघून गेला. घमेलं तसंच धुमसत राहिलं. पप्पांनी त्यावर हळदीचं ते घाण पाणी ओतलं.

मला वाटलं होतं, आता लोक आनंदानं आरडाओरडा करतील. तसं काही झालं नाही. एक माणूस पुटपुटला की आमच्या कुत्र्याला तर फरक पडला होता. दुसऱ्यानं मला हळूच विचारलं, बाबा आता शेजारच्या वडपे गावात बसेल का. खरंच विचारलं. इतकी चीड आली मला.

मग रांगेत पाणी वाटणाऱ्या कमळमावशी पुढे आल्या. त्यांचा म्हातारा कुत्रा, बंड्या, उन्हाळ्यात गेला होता. तरी त्या दर रविवारी इथे सेवा करायला यायच्या. त्यांनी एक बोळा उचलला, बोटांत दाबला, सोडला. तो परत फुगला.

"डॉक्टरीणबाई," त्या म्हणाल्या, "बंड्याच्या हृदयाच्या गोळ्या चालू होत्या. हा बोलला, गोळीनं कापूस घट्ट होतो, बंद कर. मी बंद केल्या. गेल्यावर बोलला, तुझ्या मनात शंका होती म्हणून गेला. मग माझा बंड्या कशानं गेला?"

डॉक्टर त्यांच्याजवळ गेल्या. मग त्यांनी गोळ्यांचं नाव विचारलं, आणि सांगितलं की हृदय थकलं की फुप्फुसात पाणी साठतं, श्वास लागतो, गोळ्या ते पाणी कमी ठेवतात. किती जगला असता हे मी सांगू शकत नाही, म्हणाल्या, पण तुमच्या शंकेमुळे तो गेला नाही. कमळमावशी तिथेच खाली बसल्या. गाळ्यात मग जनावरांच्या खोकल्याचा तेवढा आवाज.

रेवडीला दमाच निघाला. पूर्ण बरी होईल असं वचन डॉक्टरांनी दिलेलं नाही. औषध चालू आहे. आता तिच्या तोंडावर छोटा मास्क धरून पंपानं औषध द्यावं लागतं. पप्पा धरतात, आणि ती त्यांच्याकडे अशी बघते की जणू हेच फुंकरबाबा आहेत. ओरबाडते, शिव्या देते, मग स्वयंपाकघरात जाऊन आईच्या पायात घोटाळते. तिला पळताना बघून मला ओरडावंसं वाटतं, आणि मी ओरडतेही.

आता माझं ऐका. आजारी माणूस फसला तर निदान म्हणू शकतो की मला बरं वाटत नाही. त्या बाबानं मुद्दाम असे रोगी निवडले होते जे कधीच तक्रार करणार नाहीत. कुत्रा दमून गप्प बसला की आपण म्हणतो गुण आला. मांजर भीतीनं गोठली की आपण म्हणतो शांत झाली. म्हणून बघायचं काम आपलं आहे. जनावर झोपलेलं असताना त्याचे श्वास मोजा, नेहमीपेक्षा जास्त वाटले तर थांबू नका. मांजर तोंड उघडून श्वास घेत असेल तर रविवारची वाट बघू नका, त्याच मिनिटाला डॉक्टरकडे न्या. माणसाची औषधं मनानं देऊ नका, डॉक्टरांनी दिलेली कुणाच्या सांगण्यावरून बंद करू नका. आणि कुणी तुमच्या ओळखीचीच, अगदी खरी वाटणारी गोष्ट सांगत चमत्कार करायला लागला, तर त्याचा पंचा मागा. तो देणार नाही. तेवढं उत्तर पुरे आहे, जनावर उचला आणि तिथून निघा.